‘अल्कलाइन’ पाण्याचा रंग आणि हिशेब

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीच्या बागांमध्ये ठिबकच्या नळ्यांची तोंडे काही महिन्यांत पांढरी पडतात. ड्रीपरच्या छिद्राशी पाणी सुकते, त्यातला चुना मागे राहतो आणि थेंब पडायचा थांबतो. यावरचा उपाय खान्देशातल्या ठिबकवाल्या शेतकऱ्याला ठाऊक असतो. नळ्यांमधून आम्ल सोडायचे, ते काही तास तसेच ठेवायचे आणि मग नळ्या धुऊन काढायच्या. आम्ल किती सोडायचे, हे मात्र जाणता शेतकरी अंदाजाने ठरवत नाही. विहिरीचे एक लिटर पाणी प्लास्टिकच्या भांड्यात घेतो, त्यात आम्ल मोजून थोडे थोडे घालतो आणि दर वेळी सामू दाखवणारा कागद बुडवून पाहतो. सुरुवातीला कागदाचा रंग फारसा बदलत नाही. आम्ल पडत असते, बारीक बुडबुडे येत असतात, पण सामू सहा-सातच्या आसपास रेंगाळतो. मग एका टप्प्यावर थोड्याशा आम्लाने तो एकदम चारपर्यंत उतरतो. तोवर किती आम्ल लागले ते लिहून घेतले की साऱ्या बागेचा हिशेब निघतो.

रसायनशास्त्रात याला अनुमापन म्हणजे टायट्रेशन म्हणतात. याच खान्देशात, बऱ्याचदा याच घरांमध्ये, पिण्याच्या पाण्याबाबत मात्र हा हिशेब कोणी करताना दिसत नाही. तिथे रंग पाहिला जातो आणि रंगावर पैसे मोजले जातात. ‘अल्कलाइन’ पाण्याची यंत्रे, बाटल्या आणि थेंब यांचा धंदा चालतो तो या फरकावरच. म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

सामू म्हणजे पीएच. पाणी या घडीला किती आम्लधर्मी किंवा किती अल्कधर्मी आहे, एवढेच तो सांगतो. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. पण समोर आम्ल आले तर हे पाणी किती आम्ल पचवू शकेल, हे सामू सांगत नाही. त्या क्षमतेला अल्कता म्हणतात आणि ती अनुमापनानेच मोजावी लागते. घरातली उपमा द्यायची तर सामू म्हणजे कणगीच्या तोंडाशी दिसणारे धान्य. कणगी तळापर्यंत भरलेली आहे की वरच फक्त दोन मुठी पसरल्या आहेत, हे धान्य मापून काढल्याशिवाय कळत नाही.

आपल्या विहिरींच्या पाण्यात हा साठा येतो कुठून? पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. ते काळ्या खडकातून आणि तापीकाठच्या गाळातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवते आणि स्वतःत बायकार्बोनेट साठवते. बायकार्बोनेट हा कार्बोनेटचा धाकटा भाऊ. कार्बोनेट हा दुबळा आम्लारी, पण तो आम्लाचे दोन घास घेतो. पहिल्या घासाला त्याचे बायकार्बोनेट होते. दुसऱ्या घासाला बायकार्बोनेटचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात, आणि वायू बुडबुड्यांनी निघून जातो. प्रयोगशाळेत धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात आम्ल थेंबाथेंबाने सोडले तर हे दोन्ही टप्पे डोळ्यांना दिसतात. फिनॉल्फ्थेलिनचा गुलाबी रंग सामू ८.३ च्या सुमारास जातो, तो पहिला टप्पा. मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग सामू साडेचारच्या खाली येताना नारिंगी-लाल होऊ लागतो, तो दुसरा. दोन्ही टप्प्यांना जवळजवळ सारखेच आम्ल लागते. विहिरीच्या पाण्याचा सामू मात्र बहुधा ८.३ च्या खालीच असतो. त्याचा पहिला घास आधीच झालेला असतो, त्यामुळे गुलाबी रंग येतच नाही आणि मोजायचा उरतो तो दुसरा घास. बागेतल्या भांड्यात सामू रेंगाळताना दिसतो, तेव्हा हेच बायकार्बोनेट आम्ल पचवत असते.

आता विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहू. जळगाव-धुळ्याच्या वसाहतींत, मेळाव्यांत, ओळखीच्या घरच्या चहापानात ते बहुतेकांनी पाहिलेले असते. तीन पेले मांडले जातात. प्रत्येकात रंगद्रव्याचे दोन-तीन थेंब पडतात. आरओचे पाणी पिवळट होते, नळाचे हिरवट आणि यंत्राचे पाणी निळे-जांभळे. ‘तुम्ही रोज आम्ल पिता आहात, हे बघा’ असे सांगितले जाते. पाठोपाठ ॲसिडिटी, मुतखडा, मधुमेह, सांधेदुखी, अगदी कर्करोगापर्यंतची यादी येते. काही यंत्रांची किंमत लाखाच्या पुढे असते. यात हातचलाखी काही नसते. रंग खरा असतो, पण तो सामूचा असतो. पचनासंबंधीचा दावा मात्र साठ्याचा असतो, आणि तो साठा त्या टेबलावर कोणी मोजलेला नसतो.

तो मोजून पाहू. विहिरीच्या पाण्याची अल्कता लिटरला ३०० मिलिग्रॅम धरू. प्रयोगशाळा ती कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सांगतात. असे हजार लिटर पाणी सामू चारच्या जवळ आणायला बाजारातले तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल अर्ध्या लिटरहून थोडे जास्त लागते. आता आरओमधून काढलेल्या, क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यात किंचित अल्कली टाकून सामू ९.५ केला आहे असे धरू. रंगद्रव्य त्याला गडद निळे दाखवील. पण त्या हजार लिटरमधला सगळा अल्कली शमवायला तेच आम्ल जेमतेम ३ मिलिलिटर पुरते. हिरवट दिसणारे विहिरीचे पाणी या गडद निळ्या पाण्यापेक्षा शंभराहून अधिक पट आम्ल पचवते. नळाच्या पाण्यावर वीज सोडून सामू वाढवणाऱ्या यंत्रांतही मुख्य साठा मूळ पाण्यातल्या बायकार्बोनेटचाच असतो. यंत्र त्यात त्यामानाने थोडी भर घालते. आणि ज्या आरओच्या पाण्याला ‘आम्ल’ म्हणून हिणवले जाते, त्यातही आम्लाचा साठा नगण्यच असतो. हवेतला थोडा वायू विरघळला तरी त्याचा सामू खाली येतो, कारण त्याला थोपवणारे त्यात काही उरलेले नसते.

आता जठराकडे. जठरात रोज दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो आणि त्याचा सामू दीड-दोनच्या घरात असतो. भरपेट जेवणानंतर एका तासात स्रवणारे आम्ल शमवायचे झाले, तर ढोबळमानाने दोन ते तीन ग्रॅम खाण्याचा सोडा लागेल. एक पेला विहिरीचे पाणी या कामी सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम सोड्याइतके ठरते. वर सांगितलेल्या निळ्या पाण्याचा पेला एक मिलिग्रॅम सोड्याइतकाही ठरत नाही. बरे, आम्ल शमवलेच तर जठर आणखी आम्ल स्रवते. तेही आवश्यकच आहे. प्रथिने पचवायला आणि अन्नातून येणारे अनेक जंतू मारायला ते लागते.

पाणी जठरातून पुढे गेले तरी रक्ताचा सामू हलत नाही. तो ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, आणि त्याला तिथे धरून ठेवतो तोही हाच बायकार्बोनेटचा साठा. शरीरात रोज तयार होणारे आम्ल बायकार्बोनेट पचवते, त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात आणि खर्ची पडलेले बायकार्बोनेट मूत्रपिंडे पुन्हा भरून काढतात. शेतकऱ्याच्या भांड्यातला दुसरा घास शरीरात जन्मभर अखंड चालू असतो. रक्ताचा सामू खरोखर या पट्ट्याबाहेर गेला, तर माणूस अतिदक्षता विभागात असतो. तिथे पाण्याच्या बाटलीने काही होत नाही. कर्करोगाच्या गाठीभोवती आम्लता आढळते हे खरे, पण ती गाठीच्या स्वतःच्या चयापचयातून तयार होते. प्यायलेल्या पाण्याने ती बदलत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सामू ८.८ असलेल्या पाण्यात पेप्सिन हे पाचकद्रव्य कायमचे निष्क्रिय होते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याच्या त्रासात त्याचा उपयोग होईल का, हा रास्त प्रश्न आहे. पण तो प्रयोग परीक्षानळीतला होता. त्यावरून मधुमेह, सांधेदुखी आणि कर्करोगापर्यंत उडी मारता येत नाही.

शिवाय वैद्यकाला अल्कलीचे वावडे नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरावीक मापात मिसळून रुग्णांना पाजला आणि असंख्य जीव वाचवले. जुलाबांतून शरीरातले बायकार्बोनेट वाहून जाते, ते सोडा भरून काढत होता. आजच्या जलसंजीवनीच्या पुडीत सोड्याऐवजी लिटरला २.९ ग्रॅम सायट्रेट असते. त्याचे शरीरात बायकार्बोनेट होते. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात रक्त तपासून सोड्याच्या गोळ्या दिल्या जातात. युरिक ॲसिडचे खडे विरघळवायला लघवीचा सामू तपासत पोटॅशियम सायट्रेट दिले जाते. पण लघवी जास्त अल्कधर्मी झाली तर कॅल्शियम फॉस्फेटचे खडे वाढू शकतात. म्हणून मुतखड्यावर सरसकट ‘अल्कलाइन’ सांगणे चुकीचे आहे. या सगळ्या उपचारांत एक गोष्ट समान आहे. आधी कमतरता मोजली जाते किंवा नक्की ठाऊक असते, आणि मग मात्रा ठरते.

घरोघरी घेतला जाणारा सोडा मात्र मापात नसतो. शेवभाजी, ठेचा, दोंडाईच्याच्या मिरचीचे तिखट, वर तंबाखू आणि अवेळी जेवण, मग छातीत जळजळ आणि त्यावर पेलाभर पाण्यात चमचाभर सोडा, हा क्रम खान्देशात नवा नाही. एक ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. सपाट चहाचा चमचा साडेचार ग्रॅमचा धरला तर बाराशे मिलिग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा दोन हजार मिलिग्रॅमच्या आत आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला हा चमचा महागात पडू शकतो. त्यात पापड, लोणचे आणि शेवेतले सोडियम वेगळेच. भरल्या पोटावर खूप सोडा घेतला तर एकदम तयार होणाऱ्या वायूने जठर फाटल्याच्या घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत, पण खऱ्या आहेत.

याहून मोठा धोका वेळ वाया जाण्याचा आहे. हृदयविकाराचा झटका अनेकदा ‘गॅस’ किंवा ‘ॲसिडिटी’चे रूप घेऊन येतो. मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात तर बरेचदा ठसठशीत छातीदुखी नसतेच. छातीच्या मधोमध जळजळ किंवा दाब, सोबत घाम, धाप, मळमळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यांपैकी काहीही असेल तर सोडा, थेंब किंवा निळे पाणी यांत अर्धा तासही घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो तिथे जावे. गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या काही तासांत दिले तर हृदयाचा स्नायू वाचतो. तापीच्या पलीकडच्या गावातून किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. त्यात घरगुती उपायांची भर परवडणारी नाही. तसेच, जळजळ आठवडेच्या आठवडे चालली असेल, गिळायला त्रास होत असेल, वजन उतरत असेल, शौच काळी होत असेल किंवा सतत वेदनाशामक गोळ्या चालू असतील, तर दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला हवी. यंत्राच्या हप्त्यांमध्ये ही तपासणी मागे पडते, हे यंत्राच्या किमतीपेक्षा मोठे नुकसान आहे.

मग पाण्याची काळजी करायचीच नाही का? करायला हवी, पण ज्या गोष्टी रंगावरून दिसत नाहीत त्यांची. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, अल्कतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम सांगते. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. काठिण्यालाही हेच आकडे आहेत. सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा, म्हणजे साडेनऊचा सामू मानकात बसतच नाही. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, तिथे कुठलीही सूट नाही. शेतात नत्रखते भरपूर आणि विहिरीजवळ शेणखताचा उकिरडा, तर नायट्रेट पाण्यात उतरू शकते. अशा पाण्यावर कालवलेले दूध प्यायलेल्या तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट दाट होते. त्याहून नेहमीचा शत्रू म्हणजे जंतू. धुळ्यासारख्या शहरात काही दिवसांआड नळ येतो. साठवलेल्या पाण्यात हात बुडतात, रिकाम्या नळीत गटाराचे पाणी ओढले जाते. तिथे यंत्राच्या सामूपेक्षा क्लोरिनचे दोन थेंब आणि झाकलेला माठ जास्त कामाचे आहेत.

टीडीएस मीटर दाखवून ‘क्षार जास्त, मुतखडा होणार’ असे घाबरवणे हाही याच जातीचा प्रकार आहे. मीटर एकूण क्षार सांगतो. त्यात निरुपद्रवी बायकार्बोनेट किती आणि नायट्रेट किती, हे तो सांगत नाही. पाण्याच्या काठिण्यामुळेच मुतखडा होतो असे सिद्ध झालेले नाही. पुरेसे पाणी न पिणे हे त्याचे मोठे कारण आहे. जळगावचा मे महिन्यातला उन्हाळा आणि शेतातले कष्ट पाहता, ज्याला एकदा खडा झाला आहे त्याने दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला हवे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. तपासणीत नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघाले तर आरओ जरूर घ्यावा. तपासणी न करता घेतलेला आरओ निदान न करता घेतलेल्या औषधासारखा असतो.

ही तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीचा संच वापरायचे प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्या संचात अल्कता मोजायची रीत बहुधा अशीच असते, की रंगद्रव्य घालायचे, मग आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे आणि रंग बदलेपर्यंतचे थेंब मोजायचे. संच गावात पोचतो, पण पुष्कळदा कपाटात राहतो. निकाल आला तरी तो फाइलीत राहतो.

यासाठी तीन गोष्टी सहज होऊ शकतात. पहिली, ग्रामपंचायतीने आपल्या प्रत्येक स्रोताचे आकडे, निदान जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, काठिण्य आणि अल्कता, फलकावर लिहावेत. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. दुसरी, जळगाव-धुळ्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत दरवर्षी हजारो मुले ब्युरेट हातात धरतात आणि बाटलीतले तयार द्रावण मोजून वही पूर्ण करतात. त्यांना एकदा तरी घरच्या विहिरीचे, बोअरचे, नळाचे पाणी आणायला सांगावे. शंभर मिलिलिटर पाणी, ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल आणि मिथिल ऑरेंजचे दोन थेंब. लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरला दहाने गुणले की लिटरमधली अल्कता मिलिग्रॅममध्ये मिळते. असे करणारा मुलगा किंवा मुलगी घरी आलेल्या विक्रेत्याच्या निळ्या पेल्याला भुलणार नाही. शिरपूर पॅटर्नने खान्देशाला पाणी किती मुरले हे मोजायला शिकवले. मुरलेल्या पाण्यात काय आहे, हे मोजायची सवय आता लागायला हवी.

तिसरी गोष्ट विक्रेत्यांकडून मागायची आहे. आरोग्याचा दावा करून पाणी विकणाऱ्याने नुसता सामू छापू नये, अल्कताही छापावी आणि ती मानकातल्या मर्यादेशी ताडून दाखवावी. औषधाच्या गोळीवर नावाबरोबर मिलिग्रॅम लिहावेच लागते. पाण्याला औषध म्हणायचे असेल तर तोच नियम त्यालाही हवा. तोवर ग्राहकाने एवढेच विचारावे, ‘या एका लिटरला आम्ल किती लागते?’ उत्तर आकड्यात आले तर पुढे बोलावे. उत्तर म्हणून पुन्हा रंगाचे थेंब पुढे आले, तर पैसे खिशात ठेवावेत आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.